हकिमाचा प्रश्न आणि आयुष्याची वर्षं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इ.स. १६०४च्या सुमाराची गोष्ट. अकबर बादशहाचा असदबेग नावाचा एक अधिकारी विजापूरची कामगिरी आटोपून आग्र्याला परतला. कामगिरी सोयरिकीची होती. आदिलशहाची मुलगी अकबराच्या धाकट्या शहजाद्याला, दानियालला द्यायची ठरली होती आणि वधूची पाठवणी लांबत चालली होती, म्हणून असदबेगला धाडलं होतं. परतताना त्याने बादशहासाठी नजराणे आणले. त्यात एक वस्तू अशी होती, की ती विजापूरला जाईपर्यंत त्याने स्वतःही कधी पाहिली नव्हती. ती म्हणजे तंबाखू.

ही हकीकत असदबेगनेच लिहून ठेवली आहे आणि मोठ्या हौसेने लिहिली आहे. ओढायची नळी तीन हात लांब, थेट सुमात्रा बेटावरच्या अचीनहून आलेली. दोन्ही टोकांना जडावाचं आणि मिन्याचं काम. तोंडाशी येमेनी अकीक. पेटवण्यासाठी सोन्याचं भांडं. आदिलशहाने दिलेल्या पानाच्या बटव्यात उत्तम तंबाखू भरलेली. हे सगळं चांदीच्या तबकात मांडून त्याने बादशहापुढे ठेवलं. अकबराने विचारलं, हे काय आहे? खान-ए-आझमने सांगितलं, की ही तंबाखू, मक्का-मदिनेत सगळ्यांच्या परिचयाची आहे आणि हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. बादशहाने नळी ओठाला लावली, तेवढ्यात दरबारचा हकीम पुढे झाला आणि त्याने मना केलं. असदबेगचं मन राखायला म्हणून अकबराने दोन-तीन झुरके घेतले, एवढंच.

मग वाद रंगला. हकिमाचं म्हणणं साधं होतं. आमच्या ग्रंथांत या पाल्याचा उल्लेख नाही, आमच्यापैकी कुणी तो वापरून पाहिलेला नाही. ज्याचा अनुभव नाही त्याचे गुण-दोष हुजुरांना कसे सांगायचे? असदबेग म्हणाला, फिरंगी लोक काही खुळे नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि जगातली प्रत्येक चाल कधी ना कधी नवीच होती. अकबराला हे बोलणं आवडलं. आपल्या पोथीत नाही म्हणून परक्यांची चांगली गोष्ट टाकून द्यायची काय, असा त्याचा सूर होता. हा सूर अकबराला शोभणाराच. मात्र गंमत अशी, की बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र तंबाखू मागून मागून नेली. थोड्याच दिवसांत व्यापारी ती विकू लागले.

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो, वैद्यकातलं मला काही कळत नाही. पण या प्रसंगाशी मी अनेकदा अडखळलो आहे. त्या दिवशी दरबारात सगळेच आपापल्या परीने बरोबर होते. असदबेगचं मोकळं मन बरोबर, अकबराचं कुतूहल बरोबर. पण सर्वांत नेमका प्रश्न हकिमाचा होता, आणि त्याला उत्तर देईल असा माणूस त्या काळी साऱ्या दुनियेत नव्हता. ते उत्तर यायला साडेतीनशे वर्षं लागली. का लागली, हे मला आज सांगायचं आहे.

त्याच घराण्यातली दुसरी एक सवय पाहा, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल. अकबराचा मुलगा मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना १५९९ मध्ये दारूपायी गेला. वयाची तिशीही त्याने गाठली नव्हती. ज्या दानियालसाठी विजापूरहून नवरी आणली त्याचं लग्न गोदावरीकाठी, आपल्या पैठणला झालं, आणि वर्षभरातच तो बऱ्हाणपुरात दारूनेच मेला. बापाने पहारे बसवले होते. तर नोकरांनी बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोचवली, असं जहांगीरने आपल्या आठवणींत नमूद केलं आहे. जहांगीर स्वतःही काही कमी नव्हता. दिवसा चौदा आणि रात्री सहा असे दुहेरी गाळलेल्या दारूचे वीस प्याले तो रिचवत असे. हात इतके थरथरू लागले, की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. तेव्हा हकीम हुमामने त्याला स्पष्ट बजावलं, असंच चालू राहिलं तर सहा महिन्यांनी इलाज उरणार नाही. जहांगीरने ऐकलं. सात वर्षांत त्याने वीस प्याल्यांवरून सहावर आणलं. तो अठ्ठावन्न वर्षं जगला, भावांच्या जवळजवळ दुप्पट.

म्हणजे हकिमाला दारूचं कळत होतं. थरथरणारा हात दिसतो, पिवळे डोळे दिसतात, दारू आणि मरण यांच्यातलं अंतर एका माणसाच्या नजरेत मावतं. तंबाखूचं तसं नाही. विशीत ओढलेल्या झुरक्याचं बिल साठीत येतं. मधल्या चाळीस वर्षांत माणूस हसतो, खेळतो, लग्न करतो, मुलं वाढवतो. आणि चाळीस वर्षांनी खोकला लागतो तेव्हा हवा, पाणी, थंडी, नशीब, अल्लाची मर्जी अशी शंभर कारणं हाताशी असतात. कुठल्याही एका हकिमाचं आयुष्य या गोष्टीचा माग काढायला पुरत नाही.

नाकाने ओळखणारे होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने त्याच १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. तीत मेंदू आणि फुप्फुसांचं नाव त्याने घेतलं होतं. पण त्याच्याकडे पुरावा कसला? त्याला तो वास सहन होत नव्हता, इतकंच. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूबंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही काढला होता. हुकूम कागदावर राहिले आणि चिलीम गावोगाव पोचली. नुसत्या नावडीवर उभ्या असलेल्या बंदीचं असंच होतं, असं मला वाटतं. लोक ती राजाची लहर समजतात.

हकिमाच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वाट औषधाच्या दुकानातून गेली नाही, कापडाच्या दुकानातून गेली. लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा एक कापड-व्यापारी होता. त्या शहरात दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. किती मेले, कशाने मेले. लोक ती चाळत आणि टाकून देत. ग्राँटने वर्षानुवर्षांच्या याद्या जमवल्या आणि दुकानाचा हिशेब करावा तसा मरणाचा हिशेब केला. १६६२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात एक तक्ता आहे. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सहा वर्षांची होईपर्यंत छत्तीस दगावतात. सोळाव्या वर्षी चाळीस उरतात, छत्तिसाव्या वर्षी सोळा, छप्पन्नाव्या वर्षी सहा. शहात्तरावं वर्ष पाहणारा एक. त्याच्या काही आकड्यांत अंदाज मिसळलेला होता. पण एकेका माणसाचं मरण दैवाधीन असलं तरी शंभर माणसांच्या मरणाला एक रीत असते, हे त्याने दाखवलं.

आपण ज्याला सरासरी आयुर्मान म्हणतो ते याच तक्त्याचं नातवंड. या शब्दाबद्दल एक गैरसमज फार आहे, तो इथेच दूर करतो. १९११ ते १९२० या दशकात, प्लेग आणि इन्फ्लुएंझाच्या साथींच्या काळात, हिंदुस्थानचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. स्वातंत्र्याच्या वेळी ते सुमारे बत्तीस झालं आणि आता सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ आपले पणजोबा विशीत म्हातारे होत असत असा नाही. ज्यांना पाळण्यातच मरण आलं त्यांची शून्यं सरासरीत मिसळतात. लस, स्वच्छ पाणी, धान्य, बाळंतपणातली स्वच्छता यांनी ही शून्यं कमी केली. ही लढाई सरकारांची, डॉक्टरांची, नर्सबाईंची. माझा विषय त्यापुढचा आहे. पाळण्यातून सुखरूप उठून जो चाळिशीला पोचला, त्याची पुढची वर्षं कशावर ठरतात? तिथे आपल्या रोजच्या सवयी पुढे येतात.

इथे थोडं घरचं सांगतो, कारण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आलेला नाही. मी सोलापूरचा. आमच्या मोहल्ल्यात, आणि शेजारच्या तेलुगू पद्मशाली वस्तीत, घराघरात बायका बिड्या वळत. माझी अम्मीही वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याच्या मापाने पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. लहानपणी मी शेजारी बसून पानं मोजायचा चाळा करत असे, तेव्हा ती आमच्या दखनीत म्हणायची, “पत्ते नक्को गिन, फीस गिन.” माझी बी.ए.ची पदवी त्या सुपातून आली आहे. तेव्हा बिडीबद्दल बोलताना मला वरच्या पायरीवर उभं राहून बोलता येत नाही.

अब्बा यंत्रमागावर होते. रोज एक कट्टा ओढायचे, पंचवीस बिड्यांचा. चोपन्नाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेले. बिडीने गेले, की मागावरच्या कापसाच्या तुसाने, की दोन्हींनी मिळून, हे कुणी सांगू शकलं नाही. आणि माझी नानी सकाळ-संध्याकाळ दातांना मिसरी लावायची, ती चौऱ्याऐंशी वर्षं जगली. असं उदाहरण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असतं. आमचे आजोबा अमुक खायचे, तमुक प्यायचे आणि नव्वदीत काठी न घेता चालायचे. उदाहरण खोटं नसतं. पण ग्राँटच्या तक्त्यातही शहात्तरावं वर्ष पाहणारा एक होताच. तो गोष्ट सांगायला उरला होता. उरलेले नव्याण्णव मजलिशीत नव्हते.

नव्याण्णवांची साक्ष काढायचं काम विसाव्या शतकात झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ मध्ये ६१२ माणसं दगावली होती. १९४७ मध्ये तो आकडा ९,२८७ झाला. कुणी म्हणे मोटारींचा धूर, कुणी म्हणे रस्त्यावरचं डांबर. शोध घ्यायचं काम ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल या दोघांकडे आलं. हिल डॉक्टर नव्हते. तरुणपणी क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवलं, डॉक्टर होण्याचं राहून गेलं, मग टपालाने अर्थशास्त्र शिकून ते आकडेशास्त्राकडे वळले. डॉल डॉक्टर होते, सिगारेट ओढत होते, आणि त्यांचा स्वतःचा संशय डांबरावर होता.

त्यांनी केलं काय? लंडनच्या वीस रुग्णालयांत माणसं पाठवून खाटेवरच्या रुग्णांना प्रश्न विचारले. कुठे राहता, काय काम करता, शेगडी कसली, सिगारेट ओढता का, कधीपासून, किती. जेवढे फुप्फुसाच्या कर्करोगाचे, तेवढेच दुसऱ्या आजारांचे. उत्तरं जमली तेव्हा ६४९ पुरुष कर्करोग्यांत कधीच न ओढणारे निघाले फक्त दोन. दुसऱ्या आजारांच्या ६४९ पुरुषांत सत्तावीस. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. काही रुग्णांना कर्करोग असावा असं समजून प्रश्न विचारले होते आणि नंतर तो आजार नाही असं ठरलं. त्यांच्या सवयी बिगर-कर्करोग्यांसारख्याच निघाल्या. म्हणजे विचारणाऱ्याच्या मनातल्या संशयाने उत्तर वाकलं नव्हतं. १९५० मध्ये हे छापून आलं. अमेरिकेतूनही त्याच वर्षी तसाच निष्कर्ष आला. डॉल यांनी तोवर स्वतःची सिगारेट सोडली होती.

लोकांनी मानलं नाही. आजारी माणसाची आठवण काय धरायची, असा आक्षेप आला. मग १९५१ मध्ये दोघांनी देशातल्या सगळ्या डॉक्टरांना पत्र टाकलं, तुमची सवय कळवा. सुमारे चाळीस हजारांनी उत्तरं पाठवली. आता फक्त थांबायचं होतं. कोण कधी जातो आणि कशाने, याची नोंद ठेवायची. पहिला निष्कर्ष १९५४ मध्ये आला, पण नोंद पन्नास वर्षं चालू राहिली. २००४ मध्ये डॉल एक्याण्णव वर्षांचे असताना शेवटचा हिशेब छापला गेला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा. आग्र्याच्या हकिमाला हवा होता तो ‘अनुभव’ हा. तो मिळवायला चाळीस हजार माणसं आणि पन्नास वर्षं लागली.

त्याच काळात लंडनमध्येच आणखी एक मोजणी चालू होती, आणि ती मला कथेसारखी वाटते. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात राहून गेलेले. हृदयविकार का वाढतोय, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची नजर लंडनच्या दुमजली बसवर गेली. एका बसमध्ये दोन माणसं. दोघांचा पगार, वस्ती, राहणी साधारण सारखी. फरक इतकाच, की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून, आणि कंडक्टर वर-खाली करत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. एकतीस हजार माणसांच्या नोंदी तपासल्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तर उतारवयात आणि सौम्य. अकस्मात मरण्याचं प्रमाण ड्रायव्हरांच्या सुमारे निम्मं. १९५३ मध्ये हा निबंध आला. मग त्यांनी टपालखातं तपासलं. दारोदार फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून. तीच तऱ्हा.

मॉरिस स्वतःच स्वतःला प्रश्न करणारे होते. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मग त्यांनी बस कंपनीचे गणवेश शिवणाऱ्यांकडची कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच नोकरीच्या सुरुवातीपासून रुंद निघाल्या. पण सडपातळ असो की पोट सुटलेला, कंडक्टरच सुरक्षित राहिला. शिंप्याच्या वहीतून वैद्यकाचा निबंध निघाला याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावल्या, जुन्या डिझेलच्या बस २०२३ मध्ये बंद झाल्या. पण तिथे वरच्या मजल्याला एक आणि खालच्याला एक असे दोन कंडक्टर असत. मॉरिस मुंबईत हा हिशेब मांडायला बसले असते तर त्यांचा जिना रिकामाच राहिला असता! ते स्वतः उतारवयातही व्यायाम करत राहिले आणि २००९ मध्ये, नव्याण्णव वर्षांचे होऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, सिगारेट झाली, चालणं झालं, बाकीच्या सवयींचं काय? कॅलिफोर्नियात अलामेडा नावाचा परगणा आहे. तिथे १९६५ मध्ये लेस्टर ब्रेस्लो आणि नेडरा बेलॉक यांनी सुमारे सात हजार माणसांना घरगुती प्रश्न विचारले. किती तास झोपता, न्याहारी करता का, मधेमधे चरता का, वजन किती, व्यायाम, दारू, सिगारेट. सात सवयी. पुढची वर्षं कोण राहिलं, कोण गेलं, हे पाहिलं. सहा-सात सवयी चांगल्या असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाला पुढे सरासरी तेहेतीस वर्षं होती. तीन किंवा त्याहून कमी असलेल्याला बावीसच्या आत. अकरा वर्षांचा फरक, आणि त्यात औषधाची एक पुडी नाही.

सातही सवयी पुढे टिकल्या असं नाही, तेही सांगितलं पाहिजे. न्याहारी आणि मधलं चरणं यांचं वजन नंतरच्या तपासणीत फारसं उरलं नाही. थोडी दारू चालते, ही त्या काळची समजूतही आता मोडीत निघाली आहे. झोप, चालणं, वजन आणि तंबाखू मात्र ठाम राहिले. आणि त्याच माणसांच्या नोंदींतून १९७९ मध्ये एक अशी गोष्ट निघाली, जी कुणी आरोग्याच्या खात्यात धरली नव्हती. ज्यांना नातीगोती, दोस्त, येणं-जाणं नव्हतं ते इतरांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात दगावले होते, आणि बाकीच्या सवयी जमेला धरूनही हा फरक उरला. आमच्या मोहल्ल्यातली चहाची टपरी, गावाकडचा पार, बायकांचं दुपारी एकत्र बसून निवडणं-टिपणं, यांना आपण वेळ घालवणं म्हणत आलो. त्या टपरीवर बिडीही ओढली जाते, हे मी विसरलेलो नाही. एकच बाक देतोही आणि घेतोही.

आता घरी परत येऊ. कुणी म्हणेल, हे गोऱ्या लोकांचे हिशेब, आपल्याला कशाला लागू? पण आपल्याकडे मोजणी उशिरा सुरू झाली असं नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये उघडलं. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ हजार रुग्णांचा आढावा छापला. डॉल आणि हिल यांनी काम हाती घेण्याच्याही आधी! पुढे १९५५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तंबाखू खाणं आणि ओढणं यांचा घशा-तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव का नसावं, मला कळत नाही.

मग १९९१ पासून मुंबईत मोठी मोजणी झाली. मतदारयाद्या घेऊन माणसं घरोघर गेली. पस्तीस वर्षांवरचे सुमारे दीड लाख लोक. हातात मावणारे संगणक घेऊन, त्या काळात! बंगले आणि पहारेकरी असलेल्या सोसायट्या वगळाव्या लागल्या, कारण आत सोडतच नसत. बाकी चाळी, झोपड्या, वाड्या पालथ्या घातल्या. निम्म्याहून अधिक बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, बहुतेक सगळ्या खाणाऱ्या किंवा मिसरी लावणाऱ्या. नानी एकटी नव्हती. पाच-साडेपाच वर्षांनी तेच लोक त्याच याद्या घेऊन त्याच दारांवर परत गेले. अमुक इथेच राहतात का? आहेत, की गेले? गेले तर कधी? बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली, देशी, साधी, सिगारेटपेक्षा बरी, असं आपण मानत आलो. त्या दारांवर मिळालेली उत्तरं उलटी होती. बिडी ओढणाऱ्यांतलं मरणाचं प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांहूनही जास्त भरलं.

देशभरातल्या अकरा लाख घरांतून जमवलेल्या नोंदींचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. बिडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षं आधी जातो, बिडी ओढणारी बाई आठ वर्षं, सिगारेट ओढणारा पुरुष दहा. दिवसाला एक ते सात बिड्यांनीही मरणाचा धोका सुमारे पावपट वाढतो. आणि सोडलेले किती? शंभरातले जेमतेम दोन पुरुष, तेही बरेचसे आजार जडल्यावर.

ही बातमी मी अम्मीला वाचून दाखवली तेव्हा ती साठीच्या पुढे होती. बिड्या वळणं सुटून बरीच वर्षं झाली होती, पण बोटांना तो पिवळेपणा होता. सहा वर्षांचा आकडा ऐकून ती अब्बांबद्दल काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ओढणाऱ्यांचं मोजलं, वळणाऱ्यांचं कुणी मोजलं का? मी शोधलं. मोजलं होतं. मुंबईतल्याच शास्त्रज्ञांनी बिड्या वळणाऱ्या, पण तंबाखूला तोंड न लावलेल्या बायकांच्या लघवीची तपासणी केली होती. निकोटिनपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो तो त्यांच्यातही सापडला होता. कातडीतून आणि धुळीतून तंबाखू आत गेली होती. मी तिला हे सांगितलं. तिने हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, मग अक्कांना सांगितलंस का? शेजारच्या अक्का अजून वळत होत्या. मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सूप बाजूला न ठेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाळा, हजाराला अजून दोनशे बाकी आहेत. बस, चहा ठेवायला सांगते.”